न पाडलेले मनोरे

अंकासाठी मुलांच्या चार गमतीजमती लिहून द्या, असा निरोप आला होता. तीस वर्षं अंगणवाडी चालवली म्हटल्यावर बाईंकडे गमतींचं पोतं असणार, असा सगळ्यांचा समज असतो. पोतं खरोखरच होतं. गमतीही आहेत आणि त्या मी लिहिणारही आहे. पण मला जे लिहायचंय ते गमतीचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

अंगणवाडीची बाई करते काय, असं विचारलं तर लोक सांगतात, खिचडी वाटते, वजनं घेते, फॉर्म भरते. ते खोटं नाही. रजिस्टरं भरून माझ्या बोटाला घट्टा पडला होता, आणि रजिस्टरं गेली तेव्हा मोबाइल आला. पण माझं खरं काम त्या पोत्यात होतं. दूध पावडरीचे, बिस्किटांचे, रंगाचे रिकामे डबे. झाकणं घट्ट बसवलेल्या काड्यापेट्या. करवंट्या. आणि लाकडाचे ठोकळे. पिरंगुटच्या कंपन्यांत यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्यांचे तुकडे आमचे हे मागून आणायचे आणि ओट्यावर बसून पॉलिश पेपरनं घासून द्यायचे. सरकारी खेळ पेटीतून यायचे ते आठवड्यात मोडायचे. हे ठोकळे वीस वर्षं टिकले.

पोतं ओतलं की मुलं रचायला बसायची. बाहेरच्याला वाटतं, पोरं खेळतायत आणि बाई बसल्यात. आया तोंडावर म्हणायच्या, "खेळायलाच धाडायचं तर घरी काय वाईट हाय?" मी त्यांना बसवून दाखवायचे. दीड वर्षाचं मूल एका डब्यावर दुसरा ठेवतं आणि लगेच आपल्याकडे बघतं. दोन वर्षांचं झालं की पाच-सहा रचतं. तिसऱ्याच्या आसपास दोन ठोकळे उभे करून त्यांवर तिसरा आडवा ठेवता येतो. त्याला आम्ही पूल म्हणायचो. मोठा खाली, लहान वर, हे कुणी सांगावं लागत नाही, पडलं की कळतं. वर, खाली, मधे, अजून एक, संपलं, आता माझी पाळी, हे शब्द पाटीवर शिकवून येत नाहीत, हातात ठोकळा असताना येतात. मी शेजारी बसून फक्त बोलत राहायचे.

आमच्या मुळशीत चार महिने पाऊस बाहेर पाऊल टाकू देत नाही, त्यामुळे बांधकाम जोरात चालायचं. पूर्वी मुलं गोठा बांधायची, त्यात करवंट्यांची गुरं. मग गावच्या जमिनी गेल्या, इमारती आल्या, आणि एका वर्षी एक तीन वर्षांचा पठ्ठ्या मनोरा रचताना खाली मोकळी जागा सोडायला लागला. हे काय, विचारलं तर म्हणाला, "पारकिंग." त्यानंतर आमच्याकडे पार्किंगशिवाय घर झालं नाही. दुसरा एक होता, तो काहीच रचायचा नाही, नुसते डबे एका रांगेत लावायचा आणि पहिल्या डब्याला रागानं सांगायचा, "फुडं सरका." त्याचा बाप बसवर कंडक्टर होता.

रचण्याइतकंच महत्त्वाचं असतं पाडणं. नव्या सेविकांना मी हे पहिल्या दिवशी सांगायचे. मूल मनोरा रचतं ते निम्मं पाडण्यासाठीच. हात मारला की धडाम् होतं, धडाम् झालं की सगळे वळून बघतात, आणि त्या एवढ्याशा जिवाला कळतं की हे आपण केलं. म्हणून पाडणाऱ्याला रागवायचं नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी जी चूक केली, ती आता सांगते.

आमच्या अंगणवाडीची इमारत मंजूर होऊन पायापर्यंत आली होती आणि तिथंच थांबली होती. तोवर वर्ग आबांच्या खोलीत भरायचा. आबा गावातले जुने जमीनदार शेतकरी. रस्त्याकडेचं रान विकल्यावर त्यांनी घरामागं ओळीनं खोल्या काढल्या आणि कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. पहिली खोली अंगणवाडीला दिली. तिला लागूनच्या दोन खोल्यांत त्यांचा मुलगा संतोष राहायचा. त्याची बायको मनीषा, माहेर ताम्हिणीकडचं, आणि मुलगी ईश्वरी. ईश्वरीला सगळे इशू म्हणायचे. संतोष स्वतः माझ्या अंगणवाडीतून गेलेला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं त्याचा संबंध आहे: तो चार वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता, आणि पाचव्या वर्षी असा बोलायला लागला की गप्प करायला खाऊ द्यावा लागे.

इशू सव्वादोन वर्षांची असल्यापासून आमच्यात येऊन बसायची. नाव पटावर नव्हतं, पण शेजारचं मूल दारात उभं राहिल्यावर पटावर नाही म्हणून त्याला परत कोण धाडेल?

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला संतोषला कायमची रातपाळी लागली. एके दिवशी सकाळी तो दारात आला. डोळे लाल, केस उभे.

"बाई, रातभर मशिनीवर उभा असतुया. सकाळी कुटं डोळा लागतुया, तवर तुमचं धडाम् सुरू. न्हाई म्हंजी पोरं हायेत, मला कळतंय. पन जरा बघा की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. यंत्रावर डुलकी लागली तर बोटं जातात. मी घरून सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी आणली. नुसत्या गोधडीवर मनोरा उभा राहत नाही, म्हणून मधोमध एक फळी ठेवली आणि चारी बाजूंनी गोधडीच्या घड्या अंथरल्या. मनोरा फळीवर उभा, पडला तर गोधडीवर. आवाज जवळजवळ नाहीच. संतोषनं चार दिवसांनी हात जोडून दाखवले. मला माझ्या युक्तीचं इतकं कौतुक वाटलं की मासिक बैठकीत मी ती उठून सांगितली.

गोधडी आल्यावर बाकीची मुलं थोडी हिरमुसली. पाडून मजा येईना. ती तोंडानंच "धडाम्" ओरडायला लागली. इशूला मात्र काही फरक पडला नाही. ती फळीजवळ बसायची आणि रचत राहायची. तिचा हात विलक्षण स्थिर होता. तीन वर्षांची व्हायच्या आत तिनं पूल केला, पुलावर पूल केला. आणि रचलेलं ती कधीही पाडत नव्हती. खिचडीची हाक आली की सगळ्यांबरोबर उठायची, हात धुवायला सगळ्यांमागं जायची. रडणं नाही, भांडण नाही, बडबड नाही. आमच्याकडं अशा मुलाला एक शब्द आहे, गुणी. आला-गेला म्हणायचा, काय गुणाची पोर आहे. मीही म्हणायचे. माझ्या वहीत तिच्या नावापुढं मीच लिहिलं होतं: शांत, गुणी, पाडापाडी करत नाही. आरोग्य तपासणीचं पथक आलं त्या दिवशी ती आजोळी गेली होती. नेमका एक दिवस चुकला, पण ते नुसतं निमित्त, एरवी रोज ती माझ्यासमोरच होती.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. त्या आठवड्यात नदीकाठ गोधड्यांनी भरून जातो. आमची मदतनीस कुसुम आपल्या घरच्या गोधड्यांबरोबर अंगणवाडीचीही घेऊन गेली. त्या सकाळी डबे उघड्या शहाबादी फरशीवर आले. मुलांना काय आनंद झाला! एकानं आठ डब्यांचा मनोरा उभा केला आणि दुसऱ्यानं तळचा डबा ओढला. इतका आवाज झाला की मीच दचकले. दोघं जण रडायला लागले, बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

इशू मनोऱ्याकडं पाठ करून हातभर अंतरावर बसली होती. तिनं हातातला ठोकळा दुसऱ्या ठोकळ्यावर ठेवला, कडेला कड जुळवली, आणि तिसरा उचलला. मग समोरच्या मुलीचं रडवेलं तोंड तिला दिसलं, आणि तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं.

मी ते पाहिलं. काय पाहिलं तेही मला कळलं.

दुपारी मुलं गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं. मागं उभी राहून टाळी वाजवली. ताटावर पळी मारली. एकदा तिनं मान वळवली. माझी सावली पुढं पडली असेल, पण मी स्वतःला सांगितलं, वळली की! संध्याकाळी कुसुमनं वाळलेली गोधडी आणून दिली. मी ती परत अंथरली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

का गप्प बसले, ते लपवण्यात अर्थ नाही. एक तर संतोषही उशिराच बोलला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरं, खोली आबांची होती. बावीस मुलं घेऊन मी कुठं जाणार होते? आणि तिसरं कारण या दोन्हींपेक्षा मोठं होतं, ते म्हणजे ती वही. ज्या मुलीचं कौतुक मी सहा महिने गावभर केलं, तिला ऐकूच येत नाही हे मला, मुलं वाचणाऱ्या बाईला, कळलं नव्हतं. हे तोंडानं कसं सांगायचं? दसरा गेला, दिवाळी गेली. रोज सकाळी ती येऊन फळीजवळ बसायची आणि रोज मी म्हणायचे, उद्या बोलू.

संक्रांतीच्या आधी मनीषा तिला घेऊन एका इंग्रजी शाळेत नाव घालायला गेली होती. परत आली ती थेट आमच्या दारात. इशूला नवा फ्रॉक, केसांत दोन फुलं.

"नाव इचारलं, रंग इचारले. एक शबूद काढला न्हाई तोंडातनं!" मनीषा सांगायला लागली. "त्या मॅडम म्हनल्या, लई हट्टी हाय, वळन लावा आन् फुडल्या वर्षी आना. बाई, हितं तर तुमी गुणी म्हनता. मंग तितं काय झालं हिला?" आणि तिनं इशूच्या पाठीत धपाटा घातला. "बोल की गं! बोल!"

इशू तिच्या ओठांकडं बघत होती. रडत होती, पण डोळे ओठांवरून हलत नव्हते.

मी मनीषाचा हात धरला. "मारू नको. ती हट्टी नाही आणि गुणी पण नाही. तिला ऐकू येत नाही असं मला वाटतं. पुण्याला नेऊन कान तपासून आणा."

मनीषा खाली बसली. मग मुलीला उचलून घरात गेली. पाच मिनिटांत आबा आले.

"माजा संत्या बी उशिराच बोलला, तुमाला ठावं हाय. आमच्या घराला नसतं कायतरी चिकटवू नगा, बाई. पोरीची जात हाय. उद्या गावभर व्हईल. तुमी दुसरीकडं जागा बघा."

त्यांच्यामागून इशूला कडेवर घेऊन मनीषा आली, आणि संतोष. झोपेतून उठवलेला, रागानं लाल. "बाई, काय सांगितलं तुमी मनीषाला?"

मी म्हटलं, "चपला काढ आणि आत येऊन बस." लहानपणी त्याला सांगायचे त्याच आवाजात. तो बसला. कुसुमला सांगितलं, मुलांना ओट्यावर ने. गोधडी मी स्वतः गोळा करून कोपऱ्यात टाकली. इशूला मनीषाकडून घेऊन भिंतीकडं तोंड करून बसवलं, पुढं ठोकळे दिले. रडं विसरून ती लगेच रचायला लागली. संतोषपुढं मी डब्यांचं पोतं ओतलं.

"तिच्या पाठीमागं मनोरा रच. जेवढा उंच होईल तेवढा. आणि पाड."

त्यानं रचला. कंपनीत हात बसलेला माणूस, दहा डबे सरळ रेषेत उभे राहिले. आबा आणि मनीषा दारात उभे होते. त्यानं मनोऱ्याला हात मारला. खिडकीची काच हादरली, ओट्यावरची पोरं आनंदानं ओरडली. इशूनं ठोकळ्यावर ठोकळा ठेवला.

संतोषनं परत रचला, यावेळी घाईनं, वाकडातिकडा. पाडला. "इशू!" म्हणून हाक मारली. तिसऱ्यांदा त्यानं रचलाच नाही. एकेक डबा उचलून फरशीवर आपटायला लागला, आणि दर वेळी तिचं नाव. "इशू! ए इशू! अगं इशू!" झोपेसाठी ज्यानं आवाज बंद करायला सांगितला होता, त्याचा तो आवाज मी अजून विसरले नाही. आबांनी दाराची चौकट धरली होती. मनीषानं तोंडात पदर कोंबला.

एक डबा गडगडत जाऊन इशूच्या गुडघ्याला लागला. तिनं तो पाहिला. मग वळली, बापाला पाहिलं आणि हसली. तो डबा तिनं उचलला आणि आपल्या मनोऱ्यावर ठेवून दिला.

जागा सोडण्याचा विषय आबांनी परत काढला नाही.

मी डॉक्टर नाही, आणि डबे आपटून कान तपासता येत नाहीत. एवढंच कळतं की तपासायला न्यावं. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात त्यांनी तिला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. मी बरोबर गेले होते. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, म्हणाले. यंत्रं बसवावी लागतील आणि मग बोलायला शिकवावं लागेल. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही का? या वयात एकेक महिना मोलाचा असतो."

संतोष म्हणाला, "माजी चूक हाय, मॅडम. माज्या झोपंपायी मीच आवाज बंद करायला लावला. न्हाईतर बाईंना तवाच कळलं असतं."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी काही बोलले नाही.

यंत्रं बसल्यावर इशू आठवड्यानं अंगणवाडीत आली. गोधडी मी काढूनच टाकली होती. संतोषनं दिवसपाळी मागून घेतली. कुणाचा तरी डबा पडला आणि इशू किंचाळून मनीषाला चिकटली. थोड्या वेळानं ती उतरली, तो डबा तिनं उचलला आणि सोडला. परत उचलला, परत सोडला. त्या दिवशी तिनं काही रचलं नाही, दुपारपर्यंत नुसते डबे पाडत होती. पुढचे कित्येक महिने ती सगळ्यांचे मनोरे पाडत फिरली आणि मुलं माझ्याकडं तक्रारी घेऊन यायची. तेव्हा मला नीट उमगलं की गोधडी नव्हती तेव्हाही तिच्यासाठी मनोरा पडून काहीच होत नव्हतं. म्हणून ती पाडत नव्हती. मी त्याला गुण म्हणत होते.

मनीषा दोन वर्षं आठवड्यातून दोनदा बसनं तिला पुण्याला बोलायच्या शिकवणीला नेत होती. पोर बोलते आता. अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला कळत नाही, दुसऱ्या खेपेला कळतं. बारीक आवाजाची अक्षरं तिला सापडायला जड जातात. नाव विचारलं की आपल्या पद्धतीप्रमाणं बापाच्या नावासकट सांगते, "ईश्वरी अंतोश." त्यातला 'स' ऐकू येत नाही. मी गप्प राहून घालवलेल्या साडेतीन महिन्यांत तो मिळाला असता की नसता, हे मी त्या डॉक्टरीणबाईंना नंतर एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. मला वाटलं होतं की त्या 'नसता मिळाला' म्हणतील.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाला संतोष उभा राहून बोलला. "बाई नसत्या तर माजी पोर मुकी ऱ्हायली असती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल-श्रीफळ दिलं. दर दिवाळीला तो फराळाचं ताट घेऊन येतो आणि जाताना पाया पडतो. मी आशीर्वाद देते.

संतोष, हा अंक तुझ्या घरी येतो, मला माहीत आहे. घट बसण्याच्या आधीच मला कळलं होतं. संक्रांतीपर्यंत मी तुझ्या भिंतीपलीकडं बसून गप्प राहिले, आणि डॉक्टरांपुढं तू माझा दोष स्वतःवर घेतलास तेव्हाही गप्प राहिले. तोंडावर सांगायला तुझ्या दारापर्यंत तीनदा येऊन परत गेले आहे. इशू आता पहिलीत आहे, अक्षराला अक्षर जुळवून हाती लागेल ते वाचते. तिच्याआधी तू वाचावंस, म्हणून लिहिलं.